‘कशामुळे’चा रकाना

भाचीचा नीट-पीजीचा, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला आणि ती पेढे घेऊन घरी न जाता थेट दवाखान्यात आली. म्हणजे पेढ्यांबरोबर काहीतरी विचारायचंही होतं. ओपीडीत शेवटचे दोन पेशंट आणि एक ड्रेसिंग उरलं होतं. ते उरकेपर्यंत ती माझ्या खुर्चीमागच्या कपाटातली जुनी रजिस्टरं काढून चाळत बसली.

“मामा, ऑर्थो मिळतंय, सर्जरी मिळतीय, इमर्जन्सी मेडिसिन तर हातचंच आहे. पण घरी सगळे म्हणतात, अजून एक वर्ष दे आणि रेडिओलॉजी नाहीतर स्किन घे. अपघात-जखमींच्या ट्रॉमात काय ठेवलंय? रात्रपाळ्या, दारुडे, नातेवाइकांची दमदाटी आणि वर कोर्टाच्या तारखा.”

यात खोटं काहीच नाही. कोर्टाच्या तारखा माझ्या आजही चालू आहेत. दहा वर्षांपूर्वी टाके घातलेल्या डोक्याबद्दल वकीलसाहेब विचारतात, जखम काठीची होती की दगडाची. इमर्जन्सी मेडिसिन ही वेगळी शाखा आहे हे आपल्या मेडिकल कौन्सिलनं मान्य केलं तेच मुळी २००९ साली. त्याआधी कॅज्युअल्टी म्हणजे ज्या डॉक्टरला कुणी वाली नाही त्याला बसवायची जागा.

मी म्हटलं, आधी पेढा खा. तिनं पेढा खाल्ला आणि रजिस्टरातल्या एका रकान्यावर बोट ठेवून विचारलं, “हे काय लिहून ठेवलंय?”

तो रकाना मी स्वतः लाल शाईनं आखलेला. छापील रजिस्टरात नाव, वय, गाव, आल्याची वेळ, जखमेचं वर्णन, एमएलसी म्हणजे पोलीस केसचा नंबर असे रकाने असतात. जखम किती सेंटिमीटर लांब, किती खोल, हे सगळं लिहायचं. ती झाली कशी, हे पोलिसांच्या कागदावर असतं, आणि तिथंही एका ओळीत. दवाखाना काढला तेव्हा उजवीकडच्या कोऱ्या पट्टीत मी एक रकाना वाढवला आणि वर लिहिलं, ‘कशामुळे’. कुठल्या मोठ्या विचारानं नव्हे. नव्या दवाखान्यात पेशंट कमी, वेळ जास्त, म्हणून.

भाची मोठ्यानं वाचायला लागली. बैलानं शिंग खुपसलं. शेळ्यांसाठी पाला काढताना लिंबावरून पडला. विहिरीच्या यारीचा दोर तुटला. मळणी यंत्रात सदऱ्याची बाही गेली. मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीवर मागून धडकली. मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीवर मागून धडकली. परत तेच. आणि मधूनमधून सिस्टरच्या हस्ताक्षरात: ‘चुकून’, ‘स्वतःच्या चुकीनं’, ‘नशीब’.

“नशीब हे कारण आहे होय?” ती हसली.

मला एका पानाशी थांबावंसं वाटलं, म्हणून मी रजिस्टर तिच्या हातातून घेतलं. मार्च २००१.

रात्रीचे साडेबारा झाले असतील. जीप आली. बाई तिशीची. उजवा हात नवऱ्याच्या उपरण्यात गुंडाळलेला, उपरणं रक्तानं थबथबलेलं आणि कोपरापर्यंत हळद थापलेली. सोडून बघितलं तर चार बोटं मुळापासून गेलेली, अंगठा तेवढा राहिलेला. मनगटात हिरव्या बांगड्यांच्या काचा रुतल्या होत्या. सुन्न करायचं इंजेक्शन देऊन मी चिमट्यानं एकेक काच काढून ट्रेमध्ये टाकत होतो. टण्ण आवाज यायचा. अकरा तुकडे निघाले. हा आकडा माझ्या लक्षात राहिला कारण तो मी मोजलेला नाही. ती मोजत होती, पुटपुटत.

“बोटं आणलीत का?” मी नवऱ्याला विचारलं. तेव्हा आमच्याकडं बोटं जोडणारं जवळपास कुणी नव्हतं, तरी विचारायची सवय.

“कुट्टीत गेली, साहेब.”

कडबाकुट्टी. ज्वारीचा कडबा, मका, उसाचं वाढं बारीक करायचं यंत्र. एका बाजूनं पेंढी घालायची, दोन दातेरी रूळ ती आत ओढतात आणि पलीकडं चाकाला लावलेली पाती तिचे तुकडे करतात. रुळांना कडबा कुठला आणि हात कुठला हे कळत नाही. दुसऱ्या दिवशी सासू म्हणाली, म्हाताऱ्यानं गव्हाणीत टाकलेली सगळी कुट्टी गोळा करून उकिरड्यावर नेऊन टाकली. म्हैस रात्रभर उपाशी राहिली.

त्या नोंदीसमोर सिस्टरनं लिहिलंय, ‘लक्ष नव्हतं’. नवराही तेच म्हणाला होता, सासूही, गावातून बघायला आलेली माणसंही. खरं सांगायचं तर मीही मनात तेच म्हणालो होतो.

चौथ्या दिवशीच्या ड्रेसिंगला तिला विचारलं, लक्ष कुठं होतं? ती म्हणाली, लाइट आली अकराला. दिवसभर ज्वारीची काढणी, मग स्वयंपाक, मग लाइटची वाट. लाइट आली की दोन तासांत पाणीही भरायचं आणि कुट्टीही करायची. व्होल्टेज नव्हतं, बल्ब नुसता लालसर पेटलेला. पोरगं रडत होतं. पेंढी अडकली, हातानं रेटली. एवढंच.

बघा, तिच्या सांगण्यात ‘कशामुळे’ला निदान सहा उत्तरं होती. आणि आम्ही सगळ्यांनी मिळून सातवं लिहिलं होतं, जे तिनं दिलंच नव्हतं.

त्या सुमारास मला विल्यम हॅडनची आठवण झाली. एमबीबीएसला पीएसएमच्या, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या, पेपरापुरता पाठ केलेला माणूस, पाच मार्कांची टीप. हॅडन अमेरिकेतला डॉक्टर. एमआयटीत शिकला, मग हार्वर्डमध्ये डॉक्टर झाला आणि स्टेथोस्कोप गळ्यात घालून पेशंट तपासायचं सोडून सार्वजनिक आरोग्याकडं गेला. १९६६ साली तिथल्या सरकारनं रस्ता सुरक्षेचं नवं खातं काढलं, त्याचा पहिला प्रमुख हा डॉक्टर. तोवर अमेरिकेतही सगळा भर ड्रायव्हरला शहाणं करण्यावर होता, सावकाश चालवा, डुलकी लागू देऊ नका वगैरे. आपल्या घाटात पाट्या असतात तसलंच. हॅडनचं म्हणणं साधं होतं. माणूस चुकणारच आहे. चुकल्यावर त्याच्या छातीत स्टिअरिंगचा दांडा घुसायलाच हवा असं कुणी ठरवलं? त्याच्या काळात निघालेल्या नियमांनी गाड्यांमध्ये सीटबेल्ट आले, धडकेत आत दबणारे स्टिअरिंगचे दांडे आले. ड्रायव्हर होते तसेच राहिले, गाड्या बदलल्या.

त्याच्या कार्यालयात ‘अ‍ॅक्सिडेंट’ हा शब्द कुणी उच्चारला तर दहा सेंट दंड होता, असं सांगतात. त्याला त्या शब्दाचा राग होता, कारण तो उच्चारला की पुढचा प्रश्न विचारायची गरज उरत नाही. आमच्याकडं त्यानं दंडपेटी ठेवली असती तर ती दिवसाला भरली असती. आपल्या भाषेत तर त्याहून पक्की सोय आहे: काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. वाचला तर असं. नाही वाचला तर घटका भरली होती. दोन्हीकडून ट्रॉलीचा मालक सुटला.

हॅडननं एक साधी चौकट मांडली. उभे तीन रकाने: माणूस, यंत्र, परिसर. आडव्या तीन ओळी: आधी, त्या क्षणी, नंतर. झाली नऊ घरं. परीक्षेत मी ती चौकट न चुकता काढली होती आणि मार्कही पडले होते. तिचा उपयोग कळायला दहा वर्षं गेली. त्या बाईची नऊ घरं मी रजिस्टरच्या मागच्या पानावर भरली. माणूस, आधी: दमलेली, झोप नाही. यंत्र, आधी: तोंडाला झाकण नाही. परिसर, आधी: रात्रीची लाइट, मंद दिवा. यंत्र, त्या क्षणी: उलटं फिरवायची सोय नाही, बंद करायचं बटण भिंतीवर, पाच हात लांब. नंतरच्या ओळीत जीप, हळद, बत्तीस किलोमीटर. ‘लक्ष नव्हतं’ हे नऊतल्या एका घरात अर्धी जागा व्यापून बसलं.

आमच्या बाजारपेठेत एक वेल्डिंगवाला मामू आहे. त्याला मी कागदावर आकृती काढून दाखवली. त्यानं ती बाजूला ठेवली, म्हणाला यंत्र दाखवा. दोघं स्कूटरवर बसून गेलो. त्यानं पत्र्याची एक लांबट नळी केली, यंत्राच्या तोंडावर चार नटांनी बसणारी, कोपरापर्यंत हात घातला तरी बोटं रुळांना पोचू नयेत इतकी लांब. खर्च किरकोळ. पुढं कधीतरी कळलं की दिल्लीच्या आयआयटीतले दिनेश मोहन आणि त्यांचे सहकारी हरियाणातल्या खेड्यांमध्ये हेच काम आमच्याआधी, आणि आमच्यापेक्षा कितीतरी पद्धतशीर, करून बसले होते. हाताला आधीच ठोका देऊन सावध करणारा रूळ, पात्यावर झाकण, पोरांनी चाक फिरवू नये म्हणून कडी. मोहन डॉक्टर नव्हते, इंजिनिअर होते. २०२१ साली कोविडनं गेले. मळणी यंत्रासाठी तर संसदेनं १९८३ सालीच कायदा केलेला होता. आम्ही मात्र तोवर नुसते टाके घालत होतो.

हॅडनची चौकट हाताशी आल्यावर मला मागचंही वेगळं दिसायला लागलं, आणि सगळ्यात आधी दिसली ती किल्लारी.

३० सप्टेंबर १९९३. मी अंबाजोगाईला हाउसमन, म्हणजे निवासी डॉक्टर, होतो. १९७४ साली निघालेलं आमचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, आशियातलं पहिलं ग्रामीण मेडिकल कॉलेज अशी त्याची ओळख आम्ही छाती फुगवून सांगायचो. आदल्या रात्री गणपती विसर्जनात नाचून झोपलो होतो. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना कॉट हलली. दुपारपर्यंत ट्रक यायला लागले. माणसं मातीच्याच रंगाची. नाकात माती, तोंडात माती, कानात माती. कुणाचं कमरेचं हाड, कुणाची छाती. आम्ही बोटांनी तोंडातली माती काढायचो आणि मग नाडी बघायचो. सुमारे दहा हजार माणसं गेली.

तेव्हा आम्ही सगळे ‘धरणी कोपली’ म्हणत होतो. पण माती कुठली होती? माळवदाची. उन्हाळ्यात घर थंड राहावं म्हणून वर फूट-दोन फूट माती, आणि ती पेलायला नुसत्या मातीत बसवलेल्या दगडांच्या हातभर जाड भिंती. उन्हापासून वाचवायला पिढ्यान् पिढ्या रचलेली ती माती झोपेतल्या माणसांवर आली. तेवढ्याच ताकदीचा धक्का दुसरीकडं, दुसऱ्या तऱ्हेच्या घरांना बसता तर मेलेल्यांचा आकडा फार लहान असता. त्या रात्री मी पंचवीस वर्षांचा होतो आणि माझ्या मते मी फार काम केलं. केलंही असेल. पण ती सगळी ‘नंतर’च्या ओळीतली कामं होती.

भाचीला मी हे सांगत होतो तर ती म्हणाली, “पण मामा, नंतरच्या ओळीतलं कुणीतरी केलंच पाहिजे ना?”

केलंच पाहिजे. आणि तिथंही माणसं आहेत. बाल्टिमोरचा आर. अ‍ॅडम्स काउली, हृदयाचा सर्जन. जखमांनी रक्तदाब कोसळून शॉकमध्ये गेलेले पेशंट का मरतात याच्या नादाला लागला, दोन खाटांपासून सुरुवात केली आणि १९६९ मध्ये पोलिसांच्या हेलिकॉप्टरनं जखमी आणायला लागला. ‘गोल्डन अवर’, म्हणजे जखमीला पहिल्या तासातच उपचार मिळाले पाहिजेत, हे त्याचंच. ते घोषवाक्य मला स्वतःला थोडं भाबडं वाटतं. साठावं मिनिट उलटलं की दार बंद, असं शरीर काही करत नाही. पण त्या दोन शब्दांनी जगभरच्या सरकारांना अँब्युलन्स घ्यायला लावल्या हेही खरं.

दुसरा जेम्स स्टायनर. १९७६ च्या फेब्रुवारीत स्वतःचं छोटं विमान चालवत कुटुंबाला घेऊन निघाला आणि नेब्रास्कात शेतात कोसळला. बायको जागीच गेली, मुलं जबर जखमी. हाडांचा डॉक्टर, स्वतःही जखमी, थंडीत कित्येक तास मुलांना सांभाळून शेवटी रस्त्यावरची गाडी थांबवली आणि जवळच्या लहान दवाखान्यात पोचला. तिथं मिळालेले उपचार बघून तो हादरला. त्यातल्या माणसांना शिव्या घालून तो थांबला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. त्यानं सहकाऱ्यांना गोळा करून अभ्यासक्रम बांधला: आधी श्वासाची वाट, मग श्वास, मग रक्तस्राव, याच क्रमानं, प्रत्येक वेळी. १९७८ मध्ये पहिला वर्ग झाला, दोन वर्षांत अमेरिकन सर्जनांच्या संस्थेनं तो उचलला. आज जगभर एटीएलएस म्हणून शिकवतात तो हाच.

स्टायनरची गोष्ट वाचताना मला माझे वडील आठवतात. १९८८. मी सेकंड एमबीबीएसला. सायकलवरून येताना जीपनं उडवलं, मांडीचं हाड मोडलं. लोकांनी उचलून एका दवाखान्यात नेलं. तिथं सांगितलं, पोलीस केस आहे, पुढं न्या. दुसऱ्या ठिकाणीही तेच. तिसऱ्या ठिकाणी घेतलं, तोवर चार तास झाले होते आणि मांडीत रक्त साठून पाय केळीच्या बुंध्यासारखा झाला होता. दवाखान्यांची नावं मला माहीत आहेत. त्यातले एक डॉक्टर पुढं माझ्या लग्नालाही आले होते. त्या काळची रीतच ती होती. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की आधी जीव, पोलिसांचे कागद नंतर. वडिलांचा पाय दोन बोटं आखूड राहिला. ते शेवटपर्यंत म्हणायचे, काळ आला होता. मी त्यांच्यासमोर हॅडनचं नाव कधी काढलं नाही.

आता परिस्थिती बदललीय. २०१४ पासून १०८ ची अँब्युलन्स फिरतेय, तिच्यात डॉक्टर असतो, आमच्याकडं बहुतेक बीएएमएस झालेला पोरगा, आणि तो उत्तम काम करतो. जखमीला उचलून आणणाऱ्याला पोलिसांनी त्रास देऊ नये म्हणून २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं नियम बंधनकारक केले, २०१९ च्या दुरुस्तीनं ते मोटार वाहन कायद्यातच आले. तरी मांजरसुंब्याच्या घाटात कुणी पडलेलं दिसलं की लोक अजून आधी मोबाइल काढतात. फोन करायला नाही.

आणि एक उताको ओकामोतोबाई. जपानी. लेकरू पाठीशी बांधून प्रयोगशाळेत काम केलेली बाई. त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्यानं रक्तस्राव थांबवणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड शोधलं, १९६२ मध्ये जाहीर केलं. बाळंतपणात रक्त जाऊन बाया मरतात, त्या वाचाव्यात, हा त्यांचा ध्यास. दाद फारशी कुणी घेतली नाही. तब्बल ४८ वर्षांनी, २०१० मध्ये, ४० देशांतल्या २०,२११ जखमींवरचा मोठा अभ्यास आला आणि कळलं की पहिल्या तीन तासांत हे स्वस्त इंजेक्शन दिलं तर माणसं वाचतात. बाळंतपणातला पुरावा आला २०१७ ला. बाई २०१६ ला, ९८ व्या वर्षी गेल्या होत्या. माझ्या इमर्जन्सी ट्रेमध्ये पहिल्या ओळीत तीच बाटली असते. सिस्टर तिला ‘ट्रॅनेक्झा’ म्हणतात, जणू शेजारची पोरगी.

एवढं जपान-अमेरिका फिरायचीही गरज नाही. जालना जिल्ह्यातल्या देहेडचा एक मुलगा गरिबीतून शिकून डॉक्टर झाला आणि कोकणात महाडकडं सरकारी नोकरीत गेला. तिथं विंचू चावून माणसं मरत होती, लहान मुलं जास्त. चांगलं बोलत असलेलं पोर काही तासांत फेसाळ खोकत फुप्फुसात पाणी होऊन जायचं. हिंमतराव बावस्करांनी खाटेशेजारी बसून तासातासाला नाडी, बीपी लिहून काढलं. मोठं यंत्र नव्हतं, वही होती. १९८२ मध्ये त्यांचा लेख ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय मासिकात आला. पुढं रक्तदाबाची साधी प्राझोसिनची गोळी त्यांनी विंचूदंशाला वापरली आणि शंभरात चाळीसच्या आसपास असलेले मृत्यू एकाच्या घरात आले. २०२२ ला पद्मश्री मिळाली. भाचीला देहेड माहीत होतं, तिच्या रूममेटचं आजोळ भोकरदनचं. बावस्कर तिकडचे हे तिला माहीत नव्हतं. लातूरला कोचिंगची दोन वर्षं काढली तरी लातूरच्या विवेकानंद रुग्णालयाचे डॉ. अशोक कुकडे, १९६६ ला पुण्याहून येऊन तिथं राहिलेले, २०१९ ला पद्मभूषण मिळालेले, हेही कुणी सांगितलं नव्हतं. कोचिंगवाल्यांच्या फ्लेक्सवर रँक असते, पुढं त्या माणसानं काय केलं ते नसतं.

“यातले अर्धे लोक तर पेशंटला शिवतही नव्हते,” भाची म्हणाली. “मग त्यांना डॉक्टर झाल्यासारखं वाटायचं का?”

हा प्रश्न मला आवडला, आणि उत्तर माझ्याकडं नीटसं नाही. ह्यू केर्न्स बघा. ब्रिटिश सैन्यातला मेंदूचा सर्जन. १९३५ मध्ये अरबस्तानचा लॉरेन्स, पहिल्या महायुद्धात गाजलेला ब्रिटिश अधिकारी, मोटारसायकलवरून दोन सायकलस्वार पोरांना चुकवताना पडला. सहा दिवस बेशुद्ध राहून गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत केर्न्स होता. असं डोकं वाचवता येत नाही हे त्याला कळलं, मग तो डोक्याबाहेर बघायला लागला. १९४१ मध्ये त्यानं हेल्मेटवर लेख लिहिला, त्याच वर्षी सैन्यातल्या मोटारसायकलवाल्यांना हेल्मेट सक्तीचं झालं. सामान्य ब्रिटिश माणसासाठी कायदा आला १९७३ मध्ये. केर्न्स १९५२ मध्येच गेला होता. ज्यांची डोकी फुटली नाहीत त्यांनी त्याचं नावही ऐकलेलं नसणार. ऐकतील कसे? ज्याचं डोकं मी शिवलं तो दिवाळीला घरी फराळ आणून देतो. ज्याचं फुटलंच नाही तो रस्त्यानं मला बघून साधा हॉर्नही देत नाही.

आणि आमच्याकडचं हेल्मेट कोपरात अडकवलेलं असतं. डोक्याला उपरणं. एप्रिलात बेचाळीस डिग्रीला हेल्मेटमध्ये डोकं उकडून निघतं, ही तक्रार खोटी नाही. मी स्वतः चौकापर्यंत जाताना घालत नाही. भाचीनं ते लगेच पकडलं.

इंटर्नशिपमध्ये मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर होतो. दर महिन्याला तालुक्याला अहवाल जायचा. कॉलरा: निरंक. घटसर्प: निरंक. तिथला कारकून इतक्या सुबक अक्षरात ‘निरंक’ लिहायचा की बघत राहावं. त्या एका शब्दामागं किती लसी, पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरच्या किती पिशव्या, गावोगाव फिरणाऱ्या एएनएम नर्सबाईंच्या किती सायकली असतात हे तेव्हा डोक्यात आलं नाही. हॅडन, केर्न्स यांची कारकीर्द त्या शब्दासारखी वाटते मला. कडबाकुट्टीच्या बाबतीत माझ्या रजिस्टरातही मधली काही वर्षं निरंक गेली. त्यातलं किती त्या पत्र्याच्या नळीमुळं आणि किती लोकांनी जनावरं विकल्यामुळं, हे मला सांगता येणार नाही.

पण गेल्या महिन्यात एक आला. एकोणीस वर्षांचा पोरगा, दोन बोटांची पेरं. आणि मला चांगलं आठवत होतं की त्याच्या घरच्या यंत्राला मामूनं नळी बसवलेली आहे.

त्या रविवारी त्याच गावात सप्त्याच्या काल्याचं जेवण होतं. भाचीला म्हटलं, चल. पंगत उठल्यावर आम्ही त्या पोराच्या गोठ्यात गेलो. यंत्राला नळी नव्हती. ती भिंतीला खिळ्यावर टांगलेली होती, विळ्याशेजारी, धूळ बसलेली.

“काढून का ठेवली?” मी जरा आवाज चढवूनच विचारलं.

पोराचा बाप शांतपणे म्हणाला, “साहेब, हिरवी मका घातली की आत गच्च बसतीया. दर वेळेला चार नट काढा. पाना लागतोय. पाना रानात. मग एकदा काढली ती राह्यली.”

मी ‘निष्काळजीपणा’ हा शब्द ओठांपर्यंत आलेला गिळला. भाची खाली उकिडवी बसून यंत्राच्या तोंडात बघत होती. तिनं खिळ्यावरची नळी उतरवली, तोंडाला लावून बघितली, एका बाजूला कलवून बघितली.

“मामा, नटांच्या जागी बिजागरी का नाही लावली? वर उचललं की उघडंल. आणि उघडलं की मोटारच बंद पडायला पाहिजे.”

पोराचा बाप म्हणाला, “म्हंजी ते फ्रीजसारखं व्हय ताई? दार उघडलं की दिवा लागतोय, त्याच्या उलटं?”

“हां, तसंच.”

ती ओढणीच्या काठानं तोंडाचं माप घ्यायला लागली. मी मामूला फोन लावला. तो म्हणाला, बिजागऱ्या माझ्याकडं पडल्यात, पण बटणाचं मोटार रिवाइंडिंगवाल्याला विचारा, आणि डॉक्टरसाब, या टायमाला यंत्र इकडंच घेऊन या, माझ्या गुडघ्याला आता तुमची स्कूटर झेपत नाही.